उपग्रह दुसऱ्याचा, प्रयोग आपला

(दृश्य: गच्चीवरचा अँटेना, मागे पूर्व द्रुतगती मार्गाची वर्दळ)

सायनच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं हौशी रेडिओ यंत्र, बिलीफसॅट-झीरो, 1 जानेवारी 2024 रोजी अवकाशात गेलं. त्यासाठी वेगळा उपग्रह बांधला नव्हता. इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटचा चौथा, शेवटचा टप्पा एरवी काम आटोपलं की भंगार होऊन फिरत राहतो. इस्रोनं त्याच टप्प्याला ‘पोएम’ नावाचा मंच बनवलं आणि हे यंत्र त्यावर बसलं.

(दृश्य: चौथ्या टप्प्याचं ॲनिमेशन)

टाकीवर बसवलेली ही सौरपॅनेल बघा. वीज इथूनच येते. तोंड कुठं आहे ते सूर्यसंवेदक, चुंबकमापक आणि जायरो सांगतात, वायूचे बारीक झोत टप्प्याला स्थिर धरतात. याच उड्डाणातला मुख्य उपग्रह एक्सपोसॅट, त्याला 650 किलोमीटरवर सोडलं, मग इंजिन पुन्हा दोनदा पेटवून टप्पा 350 किलोमीटरवर उतरवला. वीज, दिशा, संदेशवहन: छोट्या संस्थेचं कंबरडं मोडतं ते इथं. हे सगळं आयतं मिळालं, तर कॉलेजला फक्त आपलं यंत्र नीट बांधायचं उरतं!

21 मार्च 2024 ला हा टप्पा उत्तर पॅसिफिकवर वातावरणात शिरला. कक्षेत कचरा उरला नाही.

(दृश्य: पृथ्वीभोवती उपग्रहांचं जाळं)

व्यापारी उपग्रहही असेच कामी येतात. उपग्रह-फोन सेवा देणाऱ्या इरिडियमच्या 66 उपग्रहांवर दिशा कळावी म्हणून चुंबकमापक होतेच. शास्त्रज्ञांनी त्यांच्या नोंदी मिळवल्या, सॉफ्टवेअर बदलून घेतलं आणि ध्रुवांभोवती वाहणाऱ्या प्रचंड विद्युतप्रवाहांचे नकाशे काढले. त्यासाठी एकही नवा उपग्रह सोडावा लागला नाही.

हवेचं प्रदूषण मोजणारं नासाचं ‘टेम्पो’ हे यंत्र 2023 मध्ये इंटेलसॅटच्या दूरसंचार उपग्रहावर बसून गेलं. उत्तर अमेरिकेवरचा नायट्रोजन डायऑक्साइड ते दिवसा तासातासाला मोजतं. वेळापत्रक मात्र उपग्रहाच्या मालकाचं. यंत्र तयार होऊनही बराच काळ थांबलं होतं.

(दृश्य: वरळीचा सागरी सेतू, धुरक्यात)

हे मुंबईचं आकाश. इथल्या हवेवरही वरून असाच तासातासाला डोळा हवा. दुसऱ्या कामाच्या उपग्रहावर यंत्र बसवणं आपल्याला नवं नाही: 2003 च्या जीसॅट-2 या दूरसंचार उपग्रहावर सूर्याचे क्ष-किरण मोजणारं भारतीय यंत्र होतं. म्हणून यापुढे दूरसंचार उपग्रहाचा आराखडा कागदावर असतानाच, विज्ञानाच्या एका यंत्रापुरती जागा आणि वीज त्यात राखून ठेवा.