सहीखालचे आकडे

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीला बँकेचं कर्ज हवं असतं. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याचं टॅक्स ऑडिट असतं. मुलाला परदेशी शिकायला पाठवताना वडिलांच्या मालमत्तेचा दाखला लागतो. या सगळ्या कागदांवर शेवटी सीएची सही लागते. आपण शिक्का उमटलाय ना, एवढं बघतो आणि कागद फायलीत लावतो. त्या सहीखालच्या आकड्यांविषयी आणि सहीमागे उभ्या असलेल्या संस्थेविषयी आज बोलायचं आहे. संस्थेचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया.

सुरुवात १९१३ च्या कंपनी कायद्यापासून करावी लागते. कंपनीचे हिशेब तपासणाऱ्याकडे पात्रतेचा दाखला हवा, हे त्या कायद्यानं ठरवलं. दाखले प्रांतिक सरकारं द्यायची आणि ते दोन प्रकारचे होते. एक ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेही चालायचा. दुसरा त्या प्रांतापुरता आणि दाखल्यात लिहिलेल्या भाषेपुरता. ज्या मुलखात एका पेठेत मराठी खतावणी आणि दुसऱ्या पेठेत कन्नड, तिथे ही अट किती आवळणारी, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हे मर्यादित दाखले १९२० मध्ये बंद झाले. त्याआधी, १९१८ मध्ये, मुंबईत गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, म्हणजे जीडीए, सुरू झाला होता. परीक्षा पास व्हायची, मान्यताप्राप्त हिशेब तपासनिसाकडे तीन वर्षं उमेदवारी करायची, मग पूर्ण दाखला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं.

१९३० मध्ये हिशेब तपासनिसांचं रजिस्टर ठेवायचं ठरलं, १९३२ मध्ये अकाउंटन्सी बोर्ड आलं. पण बोर्डानं सल्ला द्यायचा आणि हुकूम सरकारनं काढायचा, अशी ती व्यवस्था होती. व्यवसायानं स्वतःचा कारभार स्वतः बघावा, ही शिफारस १९४८ च्या तज्ज्ञ समितीनं केली. संसदेची आज जी रचना आहे ती यायच्या आधी, राज्यघटनाही अमलात नसताना, चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा झाला आणि १ जुलै १९४९ पासून लागू झाला. म्हणून १ जुलैला सीए दिवस असतो. पहिले अध्यक्ष गोपालदास कपाडिया. 'य एष सुप्तेषु जागर्ति', झोपलेल्यांमध्ये जो जागा असतो तो, हे कठोपनिषदातलं ब्रीद श्री अरविंदांनी दिलेलं. हिशेब तपासणाऱ्यासाठी याहून चपखल वाक्य मला तरी माहीत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याची खूण आजही सहीखाली सापडते. संस्थेचे पाच विभाग आहेत. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा पश्चिम विभागात, मुख्यालय मुंबईला. कर्नाटक दक्षिण विभागात, मुख्यालय चेन्नईला. फर्मच्या नोंदणी क्रमांकाच्या शेवटी विभागाचं अक्षर असतं. बेळगावच्या फर्मला 'एस', कोल्हापूरच्या फर्मला 'डब्ल्यू'. पण या अक्षरानं कामाची हद्द ठरत नाही. प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र देशभर चालतं, त्यामुळे खानापूरच्या कारखान्याचं ऑडिट कोल्हापूरच्या सीएनं केलं तर त्यात काहीच चूक नाही. 'डब्ल्यू' दिसला म्हणून कुणी कागद परत करत असेल, तर हे ठामपणे सांगा.

कारभार कसा चालतो? वर केंद्रीय परिषद. कायद्यानुसार तिच्यात सभासदांनी निवडलेले जास्तीत जास्त ३२ आणि केंद्र सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त ८. मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, २०२२ च्या दुरुस्तीनं ती चार केली. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष परिषद आपल्यातूनच निवडते, दरवर्षी. मतदान पसंतीक्रमानं होतं : पहिल्या पसंतीला १, मग २, ३ असे आकडे घालायचे. ठरलेल्या कोट्याहून जास्त मतं पडली की जादा मतं पुढच्या पसंतीकडे वळतात, आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही वळतात. १ चा आकडा दोघांपुढे घातला की मत बाद. बंगळूर, चेन्नई, हैदराबादच्या मानानं आपल्या भागात मतदार थोडे. म्हणून आमच्या सभासदांनी पहिला आकडा लिहून पत्रिका मिटू नये, खालच्या पसंत्याही भराव्यात. तुमचा उमेदवार लवकर बाद झाला, तर तुमचं मत त्याच पसंत्यांवर पुढे चालतं.

आता तुमच्या कामाचं. सहीखाली सीएचं नाव, सदस्य क्रमांक, फर्मचा नोंदणी क्रमांक आणि यूडीआयएन, म्हणजे त्या एकाच कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवा. दाखल्यांना यूडीआयएन १ फेब्रुवारी २०१९ पासून सक्तीचा आहे, टॅक्स ऑडिटला १ एप्रिल २०१९ पासून, इतर ऑडिटला १ जुलै २०१९ पासून. तो १८ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा सदस्य क्रमांकाचे, उरलेले दहा संगणकानं दिलेले. तेव्हा पहिली तपासणी कागदावरच होते : मधले सहा आकडे सहीखालच्या सदस्य क्रमांकाशी जुळतात का? क्रमांक पाच आकडीच असेल तर आधी शून्य असतं. मग संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर जा. पडताळणीसाठी पोर्टलवर लॉगिन लागत नाही. तिथे कागदाचा प्रकार, तारीख आणि सीएनं भरलेले मुख्य आकडे दिसतात. फसवणूक नेमकी इथे पकडता येते. क्रमांक खरा असतो, पण तो दुसऱ्याच कागदाचा उचललेला असतो. पोर्टलवर उलाढाल ४० लाख आणि तुमच्या हातात ४ कोटी, असं दिसलं तर तो कागद पुढे देऊ नका. क्रमांक रद्द केला असेल तर तेही तिथेच कळतं. मात्र यूडीआयएन सही कोणाची एवढंच सांगतो, आत लिहिलेलं खरं आहे याची हमी देत नाही.

सीएनं न तपासता सही केली, माहीत असलेली मोठी गोष्ट अहवालात दडवली, ग्राहकाची माहिती बाहेर फोडली, तर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतलं गैरवर्तन होतं. तक्रार बेळगावच्या शाखेत देऊन उपयोग नाही, शाखेला शिस्तभंगाचा अधिकारच नाही. ती दिल्लीच्या शिस्त संचालकांकडे, ठरलेल्या नमुन्यात जाते. निनावी अर्ज घेत नाहीत. सौहार्द सहकारी संस्था किंवा पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या तक्रारी इथे अनेकदा अडखळतात : संस्था बुडाली एवढंच लिहिलेलं असतं, सीएनं नेमकं काय केलं किंवा टाळलं ते नसतं. कोणत्या वर्षाचा अहवाल, कोणतं पान, कोणता आकडा, आणि तो चूक असल्याचा पुरावा काय, हे एकेक लिहा. ठराव-पावत्या मराठी किंवा कन्नड असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा. तक्रारीची प्रत सीएकडे जाते, त्याचं लेखी उत्तर येतं, त्यावर तुम्हाला प्रत्युत्तर देता येतं. आणि उशीर करू नका. गोष्ट सात वर्षांहून जुनी असेल आणि पुरावा मिळणं कठीण दिसलं, तर तक्रार दाखल करून न घेण्याची तरतूद नियमांत आहे. सौहार्द किंवा पतसंस्थेचे वार्षिक अहवाल तोवर रद्दीत घालू नका, विशेषतः ऑडिटरच्या शेऱ्यांची पानं.

नमस्कार.