हूं नाही की चूं नाही

(दृश्य: पुठ्ठ्याचा खोका उघडतो. आत कागदाच्या कपट्यांत कासवाच्या पिल्लाचं तळहातावर मावेल एवढं कवच. हालचाल नाही.)

घरी येऊन दोन तास झाले. डोकं आत. पुढचे दोन्ही पाय तोंडासमोर दाराच्या फळ्यांसारखे मिटलेले. घरातलं एकेक माणूस वाकून बघून गेलं. कुणी नाकासमोर पान धरलं, कुणी पाठीवर बोटाने टकटक केलं.

ती टकटक त्याला कळते. कवच म्हणजे त्याचा पाठीचा कणा, बरगड्या आणि हाडांच्या पट्ट्या सांधून झालेली पाठच आहे. वर खवल्यांचं आवरण तेवढं. तिला रक्तपुरवठा आहे, संवेदना आहे. कडेला भोक पाडून दोरी बांधा, असा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतंच. ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

आज त्याला एकटं राहू द्या. लपायला अंधारा कोपरा, शेकायला दिवा, जवळ उथळ पाणी, बस्स. नवीन जागी काही पिल्लं पहिले दोन-तीन दिवस अन्नाला तोंडही लावत नाहीत.

तोवर एक काम उरकून घ्या. हे नेमकं कुठल्या जातीचं? आपल्याकडे पाण्यातलंही कासवच आणि जमिनीवरचंही कासवच. जमिनीवरच्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडतं. आणि जमिनीवरच्यांतही हरमन कासव आयुष्यभर टेबलावर मावेल एवढं राहतं, तर खोक्यात तेवढंच दिसणारं सुल्काटा मोठेपणी माणसाला एकट्याने उचलवत नाही. कागदपत्रंही बघा. भारतीय तारा कासव २०१९ साली साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात गेलं. कागद नसलेलं पिल्लू कुठून आलं असेल, हे विचारलेलं बरं.

(दृश्य: दिव्याखाली सपाट दगड. पिल्लू त्याच्याकडे सरकतं, पाय पसरून पडतं.)

आपल्याला अंगातूनच ऊब मिळते. त्याला ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर खाल्लेलं पान पोटात नुसतं पडून राहतं. म्हणून त्याच्या घराला दोन टोकं हवीत. बहुतेक जातींना दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २२ ते २५. तापलं की ते सावलीत जातं, गारठलं की दिव्याखाली येतं. घर काचेचं असेल तर खालचा भाग बाहेरून झाकून टाका. काच त्याला उमगत नाही, पलीकडचं दिसत राहतं, आणि ते दिवसभर कोपऱ्यात पाय घासत बसतं. बघणारा म्हणतो, किती खेळकर आहे!

दिव्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ऊब देणारा प्रत्येक दिवा यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देतोच असं नाही. हे किरण अंगावर पडले की कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. ‘आम्ही खिडकीतल्या उन्हात ठेवतो’ असं म्हणून भागत नाही. साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. उजेड येतो, ऊब येते, नेमकं हवं तेच बाहेर राहतं. उलट बंद काचेच्या पेटीवर थेट ऊन पडलं तर पिल्लू आत भाजून निघतं. यूव्हीबीची नळीही फसवी. किरण कमी झाले तरी ती पहिल्यासारखीच उजळत राहते. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, बनवणाऱ्याने सांगितलं असेल तेव्हा ती बदलायची. लावल्याची तारीख लिहून तिथेच चिकटवून टाका.

कारण कासव सांगणार नाही. कुत्रं कण्हतं, मांजर ओरडून घर डोक्यावर घेतं. हे खातंय, फिरतंय, आणि कमी पडलेलं कॅल्शियम शरीर आतल्या आत हाडांतून काढून घेतंय. हूं नाही की चूं नाही. काही महिन्यांनी पाठ बोटाखाली दबायला लागते, पाय ओढत चालतं, तेव्हा घर जागं होतं. नुकतंच अंड्यातून आलेल्या पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच, त्याने घाबरू नका. वय वाढतंय आणि कवच मऊच आहे, तर तडक डॉक्टर गाठा.

(दृश्य: एका मोठ्या कासवाची पाठ, जवळून. एकेक खवला टेकडीसारखा उठलेला.)

ही पाठ दिसायला भारदस्त, पण ती अशी असायची नव्हती. कोरड्या मुलखातलं जनावर म्हणून कोरडं ठेवा, असं पूर्वी सांगायचे. आणि पाठ अशी उठली की खापर प्रथिनांवर फोडायचे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, सुल्काटा पिल्लांवरच्या एका अभ्यासात दिसलं ते असं: मोठं कारण कोरडी हवा, प्रथिनांचा वाटा किरकोळ. मुलूख कोरडा असेल, पण पिल्लू दिवसाचा बराच वेळ मातीत, झुडपाच्या मुळाशी घुसून काढतं, आणि तिथे ओल असते. तेव्हा लपायच्या कोपऱ्यातली माती दमट ठेवा. चिखल नको. उठलेली पाठ पुन्हा बसत नाही. पुढची वाढ तेवढी सपाट येऊ शकते.

(दृश्य: उथळ ताट, कोमट पाणी. पिल्लाला हळूच आत ठेवलं जातं.)

पाणी कुठपर्यंत? वरचं आणि पोटाकडचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत. मान आरामात वर राहिली पाहिजे. क्षणभर ते गोंधळतं. मग मान लांब करतं, नाक-तोंड पाण्यात बुडवतं, आणि घसा खालीवर होताना दिसतो. पितंय. थोड्या वेळाने पाण्यात पांढरं, कालवलेल्या चुन्यासारखं काहीतरी पसरतं. ते युरेट, लघवीबरोबर येणारंच. मऊ असेल तर ठीक. खडीसारखं टणक यायला लागलं तर पाणी कमी पडतंय. लहान पिल्लाला रोज पंधरा-वीस मिनिटं असं बसवावं.

खाण्याचं त्यामानाने सोपं. रानटी पालेभाजी, तुतीचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं. औषध न फवारलेलं, आणि रोज तेच ते नको. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं, म्हणून समुद्रफेसाचा तुकडा कायम आत ठेवा. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. फळं रेड-फूटेड जातीच्या कासवाला चालतात, हरमनला नाहीत. ब्रेड, दूध, कुत्र्याचं खाणं कुणालाच नको.

सोबतीला दुसरं आणू नका. त्याला एकटेपणा वाटत नाही. एकाच पेटीतलं जोरावर कासव दुसऱ्याला दिव्याखालून हुसकावत राहतं.

उचलायचं तर दोन्ही हातांनी आणि जमिनीपासून वीतभरच. पाय हवेत वल्ह्यांसारखे चालतात, हातातून निसटतं. नंतर हात साबणाने धुवा, मुलांचे तर आधी. कासवं धडधाकट दिसतानाही साल्मोनेला हे रोगजंतू बाळगून असतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे.

एव्हाना घरात नावावरून वाद सुरू झालाच असेल. एवढ्या पिल्लात नर-मादी ओळखू येत नाही. ब्रिटिश युद्धनौकांवर राहिलेलं टिमोथी नावाचं कासव मादी आहे हे १९२६ साली कळलं, तोवर सगळे तिला पुरुषाच्या नावाने हाक मारत होते. ती २००४ पर्यंत जगली. तेव्हा घाई नाही.

डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार असलेले शोधा, आणि ते दुखण्याआधी शोधा. पहिल्या भेटीला विष्ठा तपासून घ्या, जंत असू शकतात. नाकाशी बुडबुडे दिसले, श्वासाला शीळ आली, तर वाट बघू नका. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला पडदा, नाही. छातीतला कफ खोकून काढणं त्याला नीट जमत नाही.

(दृश्य: स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, वर वाटी. वाटीत पिल्लू.)

आठवडा झाला. वाटीचं वजन आधी शून्य केलंय. आकडा स्थिर होत नाही, कारण आज ते गप्प बसत नाही. वाटीच्या कडेवर पाय टाकून बाहेर बघतंय. ३७... ३९... ३८ ग्रॅम. वहीत गेल्या रविवारच्या ओळीत ३६ लिहिलेलं आहे. त्याखाली नवी ओळ.