शहराचं स्वयंपाकघर रस्त्यावर

[दृश्य: दगडी ओटा. ओट्यात बसवलेले गोल तोंडाचे रांजण.]

हा ओटा जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. इटलीतल्या पॉम्पेई शहरात, एका कोपऱ्यावर, हे खाण्याचं दुकान चालायचं. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सगळं शहर राखेखाली गाडलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये हे दुकान जगासमोर आलं, तेव्हा रांजणांत अन्नाचे अवशेष अजून शिल्लक होते. बदकाच्या हाडाचा तुकडा, डुकराचं आणि शेळीचं मांस, मासे, गोगलगायी. ओट्याच्या दर्शनी बाजूवर बदकं आणि कोंबडा रंगवलेला आहे, रंग अजून ताजे वाटावेत इतके ठळक.

पॉम्पेईत अशी दुकानं जागोजागी होती. श्रीमंतांच्या वाड्यात स्वयंपाकघर होतं, रांधायला गुलाम होते. पण दुकानाच्या माळ्यावर, एकाच खोलीत राहणाऱ्या माणसाने चूल मांडायची कुठे? तो खाली उतरायचा आणि ओट्याशी उभं राहून गरम काहीतरी खायचा. त्याच्यासाठी बाहेर खाणं ही हौस नव्हती, रोजची गरज होती.

मोठ्या शहरातली छोटी खाण्याची ठिकाणं अशाच गरजेतून उभी राहतात. हे एकदा ध्यानात आलं की त्यांच्याकडे बघायची नजरच बदलते.

[दृश्य: लाकडी घरांच्या दाट वस्तीचं जुनं जपानी चित्र.]

आता जपानमध्ये जाऊ. आजचं टोकियो, तेव्हाचं एदो. १६५७ साली लागलेल्या आगीत शहराचा फार मोठा भाग जळून गेला. ते पुन्हा उभं करायला सुतार, गवंडी, मजूर लांबलांबून आले. बहुतेक एकटे पुरुष. अठराव्या शतकात एदोची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास पोहोचली होती आणि त्यात बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त होते. घरं लाकडाची, दारं-खिडक्या कागदाच्या. अशा घरात उकळत्या तेलाची कढई म्हणजे आगीला आमंत्रणच. म्हणून तळण बाहेर आलं, गाड्यांवर. टेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा वगैरे, काडीला टोचून, उभ्या उभ्या खाल्ला जायचा.

सुशीचंही तसंच. मासा आणि भात आंबवून मुरवायची जुनी पद्धत वेळखाऊ होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत हाताने भाताची मूद दाबून त्यावर मासा ठेवून द्यायची रीत रुळली. घाईत असलेल्या माणसाच्या हातात घास लगेच पडायचा. आज जगभर ज्या पदार्थासाठी पांढऱ्याशुभ्र टेबलांवर भलंमोठं बिल येतं, तो मुळात गाडीवरचा आहे.

[दृश्य: गर्दीच्या वेळचं लहानसं ठिकाण. कॅमेरा फक्त हातांवर.]

आजचं कुठलंही मोठं शहर घ्या आणि तिथल्या गर्दीच्या ठिकाणी रांधणाऱ्याचे हात बघा. डाव्या हाताला चिरलेलं, उजव्या हाताला मीठ-मसाले, मध्ये शेगडी. न बघता हात डब्यात जातो आणि नेमकं हवं तेवढंच उचलून येतो. पुढच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर कानावर येते तेव्हा आधीच्या दोन अजून आचेवर असतात. कागदावर काही लिहिलेलं नाही, तरी कोणाचं काय हे चुकत नाही. या कसबाला आपण पुरेशी दाद देत नाही, असं मला फार मनापासून वाटतं.

फळ्यावर पदार्थ मोजकेच असतात, कारण जागा हातभर आणि साठवणीला वाव नाही. पैसाही रोजचा रोज फिरतो. आजच्या गल्ल्यातून उद्याची भाजी येते. म्हणून सकाळी आणलेलं रात्रीपर्यंत संपवावंच लागतं, आणि खाणाऱ्याचा खरा फायदा यातच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजावं, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राहावं, आणि शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कोमट अन्नात काही जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. जिथे पातेलं आचेवरून उतरतच नाही आणि रांग हटत नाही, तिथे त्यांना तेवढी सवड मिळत नाही.

पण गर्दी बघून डोळे मिटू नका. गर्दीने कच्चं, चिरून उघडं ठेवलेलं सुरक्षित होत नाही. बर्फ आणि पिण्याचं पाणीही तिच्यामुळे सुरक्षित होत नाही. ताटल्या कुठल्या पाण्यात धुतात, पैसे घेणारा हात तसाच अन्नाला लागतो का, एवढं बसण्याआधी बघून घ्यावं.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर सिंगापूरकडे बघायलाच हवं.

[दृश्य: छताखाली ओळीने स्टॉल, मध्ये सामाईक टेबलं.]

साठच्या दशकात सिंगापूरच्या रस्त्यांवर हजारो फेरीवाले अन्न विकायचे. नळ नव्हता, त्यामुळे भांडी बादलीतल्या त्याच त्या पाण्यात धुतली जायची आणि खरकटं गटारात, नदीत जायचं. सरकारने १९६८-६९ मध्ये त्यांची नोंदणी केली. १९७१ ते १९८६ या काळात छत, नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली केंद्रं बांधून त्यांना तिथे हलवलं. जुनी जागा सोडायला सगळे खुशीने तयार नव्हते. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक त्या कोपऱ्याशी बांधलेलं असतं, तेव्हा त्यांची धास्ती समजण्यासारखी होती. पण घाण होते म्हणून नुसतं हुसकावून न लावता शहराने त्यांना नळ दिला. माझ्या मते सगळा फरक त्या नळाने पडला.

पुढे २०१६ मध्ये तिथल्या दोन स्टॉलना मिशेलिनचा स्टार, म्हणजे नामांकित रेस्टॉरंटना मिळणारा मान, मिळाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या या खाद्यसंस्कृतीची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

अशा केंद्रांत टेबल कोणा एकाचं नसतं. रिकामी खुर्ची दिसली की समोरच्याला विचारायचं आणि बसायचं. सुटाबुटातला अधिकारी आणि रंगाने माखलेल्या कपड्यांतला कामगार कोपराला कोपर लावून जेवतात. शहरात असं सहज घडणाऱ्या जागा फार उरलेल्या नाहीत.

[दृश्य: पहाट. अर्धं उघडलेलं शटर, आत दिवा.]

हे सगळं ज्यांच्या जिवावर चालतं, ते मात्र थकत चाललेत. पहाटे बाजार, दिवसभर शेगडीसमोर उभं राहणं, रात्री भांडी. सुट्टी घेतली की त्या दिवसाची कमाई बुडते. सिंगापूरमध्ये कितीतरी स्टॉलधारक आता साठीला पोहोचलेत आणि त्यांची मुलं शिकून दुसरीकडे लागली आहेत. म्हणून २०२० मध्ये तिथे नव्या लोकांसाठी प्रशिक्षण सुरू झालं. आधी वर्गात शिकायचं, मग एखाद्या जुन्या स्टॉलधारकाच्या हाताखाली उमेदवारी करायची, आणि त्यानंतर स्वतः स्टॉल चालवून बघायचा. हिशेब आणि स्वच्छतेचे नियम वर्गात शिकता येतात. आच कधी कमी करायची, ते मात्र म्हाताऱ्या उस्तादाच्या शेजारी, धुरात उभं राहूनच शिकावं लागतं.