अनशापोटी

(दृश्य: पहाट. लालबागमधल्या चाळीची गॅलरी. नळाला आधी हवा येते, मग पाणी.)

पाच वाजता पाणी येतं आणि पाऊण तासात जातं. तेवढ्या वेळात मोरीतलं पिंप भरायचं, दोन हंडे, तीन बादल्या आणि शेजारच्या आजींची कळशी. हे सगळं काकू एकट्या भरतात. पण आज आपण पाण्याकडे नको, त्यांच्या डाव्या हाताकडे बघूया. मूठ मिटलेली आहे. नळ सुटायच्या आधी ती उघडेल.

(दृश्य: तळहातावर गोळी, अगदी जवळून.)

ही थायरॉक्सिनची गोळी, ७५ मायक्रोग्रॅमची. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. यातलं खरं औषध एक ग्रॅम गोळा केलं, तर अशा तेरा हजारांवर गोळ्या होतील आणि रोज एक घेतली तरी ३६ वर्षं पुरतील. बाकी दिसतो तो पांढरा ऐवज नुसता गोळी हातात धरता यावी म्हणून.

कंठाच्या खाली थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती हेच द्रव्य स्वतः तयार करते. काकूंची ग्रंथी ते पुरेसं करत नाही. जेवढं कमी पडतं, तेवढं रोज बाहेरून घालायचं. काकूंचा शब्द आहे, ‘भरणा’.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

हा भरणा माणसाला सुचला त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. सुजलेली, मंदावलेली ती बाई हिंडूफिरू लागली आणि पुढे २८ वर्षं जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी या ग्रंथीतलं द्रव्य स्फटिकरूपात वेगळं केलं. १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं आणि पुढे हळूहळू मेंढी सुटली. लालबागच्या या तळहातावर आहे ती त्याच वाटेनं आलेली गोष्ट.

(दृश्य: स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं, आलं किसणारा हात.)

आता चहा. आमच्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

काकू डब्यांसाठी पोळ्या लाटतात. साडेसहाला कणीक मळून तयार हवी. त्याआधी घरातल्या पाच माणसांचा चहा, आलं घातलेला, दूध जास्त. गोळी सुरू झाली तेव्हा त्यांना सांगितलं होतं, ‘सकाळी घ्या.’ म्हणून सकाळी चहाच्या घोटाबरोबर, गुडघ्यांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीसोबत, दोन्ही एकदम तोंडात टाकायच्या. दोन वर्षं हेच चाललं. रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वरच. ते वर असणं म्हणजे भरणा कमी पडतोय. ५० ची गोळी ७५ ची झाली, ७५ ची १०० ची झाली. केस गळायचे थांबेनात, दुपारी पोळपाटावर डुलकी यायची.

(दृश्य: औषधाच्या दुकानाचा काउंटर.)

शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या मुलीनं बाटली देता देता विचारलं, ‘काकू, ही घेता कशाबरोबर?’

हा प्रश्न दोन वर्षांत कुणीच विचारला नव्हता. डोस वाढवण्याआधी तो विचारायलाच हवा, प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक वेळी. विचारायला दहा सेकंद लागतात.

कारण ही गोळी हट्टी आहे. आतड्यात कॅल्शियम भेटलं, लोह भेटलं, की त्यांना चिकटून बसते आणि रक्तात पोचायची राहून जाते. ॲसिडिटीचं औषध तिच्या आड येतं, कॉफी येते, दुधाचा चहाही येतो. तिला लागतं रिकामं पोट आणि साधं पाणी. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, तोंडात काही नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर. आपल्या आज्यांकडे यासाठी नेमका शब्द होता, अनशापोटी. चिठ्ठीवर हा एक शब्द लिहिला असता तरी पुरलं असतं.

(दृश्य: गोळीची बाटली, गॅसशेजारच्या फळीवरून कपाटाकडे जाणारा हात.)

बाटलीचीही जागा बदलली. ओल, उजेड आणि उष्णता, तिन्ही या गोळीच्या मुळावर येतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात गॅसशेजारच्या फळीवर तिन्ही हजर असतात. आता ती खोलीतल्या कपाटात, साड्यांच्या मागे. कॅल्शियम गेलं दुपारच्या जेवणाकडे.

(दृश्य: दंडाला पट्टा, सुई, रक्ताची नळी.)

गोळी नीट घेतली म्हणून दुसऱ्या दिवशी काही वाटत नाही. आज घेतलेल्या औषधातलं निम्मं आठवड्यानंतरही अंगात असतं. म्हणून पातळी जागेवर यायला दीड महिना लागतो, आणि रक्त तपासायचं ते सहा ते आठ आठवड्यांनी. एखाद्या दिवशी विसरलं तर घाबरायचं कारण नाही. काकूंचा त्यानंतरचा रिपोर्ट आला, तेव्हा टीएसएच खाली उतरला होता, जरा जास्तच. मग डॉक्टरांनीच १०० ची गोळी ७५ वर आणली.

(दृश्य: परळ. टाटा मेमोरियलच्या ॲनेक्स इमारतीचं फाटक.)

लालबागहून चालत इथे येता येतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर या इमारतीत आहे, १९६३ मध्ये सुरू झालेलं. थायरॉइडच्या आजारांवरचं फार मोठं काम इथे झालं आहे. फाटकापाशी बसलेल्या बायकांच्या हातातल्या पिशव्या बघा. फायली, पाण्याची बाटली, डबा. पुरुषही आहेत, कमी, पण आहेत.

उपचार झालेच नाहीत तर हृदयावर भार येतो, कोलेस्टेरॉल वाढतं, गरोदरपणात बाळाला धोका पोचतो. गरज नसताना जास्त डोस घेतला तर छाती धडधडते, हाडं झिजतात.

(दृश्य: मार्गशीर्षातला गुरुवार. पाटावर कलश, आंब्याची पानं, फुलं.)

उपवासाला गोळी चालते का, हा प्रश्न घरात निघाला होता. सासूबाईंनीच निकाल दिला, ‘पाण्याबरोबर आहे ना? मग मोडत नाही.’ उपवासाच्या दिवशी तर ही गोळी सर्वांत सोयीची. ज्यांना पहाट जमतच नाही, रात्रपाळीचे, पहिल्या लोकलचे, त्यांना डॉक्टरांना विचारून ती झोपताना घेता येते, जेवणानंतर तीन तासांनी. रोज तीच वेळ असली म्हणजे झालं.

(दृश्य: पुन्हा गॅलरी. पिंप भरलेलं. घड्याळ.)

काकूंना सर्वांत जड काय गेलं, तर गोळी नाही. सगळ्यांसाठी चहा गाळायचा आणि आपण प्यायचा नाही. त्यांच्या शब्दांत, ‘वास येतो हो.’ पहिले पंधरा दिवस त्या गाळणी ठेवून सरळ गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या.

आता पाच वाजता पाणी, पाण्याआधी गोळी. चहा सहाला. सगळ्यांचाच. मुलगा कुरकुरला, मग सवय झाली.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर पालथे पाच कप.)

सासूबाई उठून बसल्या आहेत. पातेल्यात आधण ठेवलंय, गॅस पेटवलेला नाही. घड्याळात सहाला चार मिनिटं कमी आहेत.