इफिसातले ताईत आणि देवाची शस्त्रसामग्री

प्रभू येशूच्या नावात सर्व श्रोत्यांना सलाम.

इफिसकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायातल्या देवाच्या शस्त्रसामग्रीवर उपदेश तुम्ही पुष्कळदा ऐकला असेल. संडे स्कूलमध्ये पुठ्ठ्याची ढालही केली असेल. आज मात्र आपण इफिस शहरात थोडं फिरू या.

इफिस हे आजच्या तुर्कस्तानातलं, पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं बंदर. तिथलं अर्तमी देवीचं देऊळ जगातल्या सात आश्चर्यांत गणलं जाई. शहराची दुसरी ख्याती जादूटोण्याची. 'इफिसची अक्षरं' म्हणून ओळखले जाणारे, अर्थ न लागणारे शब्द लोक ताइतात घालून बाळगत. अदृश्य शक्ती असतात, हे तिथल्या माणसाला पटवावं लागत नव्हतं. त्याला काळजी एकच, त्यांच्यापासून आपल्याला राखणार कोण?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19. स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे भुतं काढत. प्रेषित पौलाच्या हातून होणारी कामं पाहून त्यांनीही येशूचं नाव मंत्रासारखं म्हणून बघितलं. दुष्ट आत्मा म्हणाला, येशूला मी ओळखतो, पौलही मला माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या एकट्या भूतग्रस्ताने त्यांना असं बदडलं की ते उघडे आणि घायाळ होऊन पळाले. मला हे वाचताना दर वेळी हसू येतं. इफिसात मात्र धाक बसला. जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तकं आणून सर्वांदेखत जाळली. त्यांची किंमत भरली चांदीची 50,000 नाणी. मजुराच्या दिवसभराच्या कामाला तेव्हा साधारण एक नाणं मिळे.

त्याच शहरातल्या विश्वासणाऱ्यांना पौल या पत्रात लिहितो, आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. म्हणजे सासूशी नाही, भावकीशी नाही, शेजारणीशी नाही. करणी कोणी केली याचा शोध घेत बसलेल्या घराला हे वचन जड जातं. पुढे येतात सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल. यातलं काहीच विकत आणून गळ्यात बांधता येत नाही. दिवसभर खोटं बोलायचं आणि रात्री शस्त्रसामग्रीची प्रार्थना म्हणायची, तर कंबर कशाने कसणार?

आपणही कमी नाही. दारावरची लिंबू-मिरची उतरवतो आणि स्तोत्र 91 ची चिठ्ठी पाकिटात ठेवतो. स्तोत्र मलाही फार प्रिय आहे. पण मत्तय 4 उघडून पाहा. मंदिराच्या टोकावर येशूला हेच स्तोत्र सैतानाने ऐकवलं होतं, उडी टाक, देवदूत झेलतील म्हणून. येशूने उडी टाकली नाही.

मग देव आपल्याला राखतो ना? राखतो. तरी कृत्ये 12 वाचताना घास अडकतो. हेरोदाने याकोबाला तलवारीने मारलं. पेत्राच्या साखळ्या मात्र देवदूत येताच गळून पडल्या. दोघे प्रेषित, देवही एकच. याकोबाचा विश्वास कमी पडला असं कृत्ये लिहिणारा लूक कुठेही लिहीत नाही. मयताच्या घरी जाऊन 'प्रार्थना कमी पडली' म्हणणाऱ्यांनी हा अध्याय आधी वाचावा.

इफिसकरांना पत्र लिहिताना पौल स्वतः कैदेत होता. परंपरेनुसार रोममध्ये, इ.स. 60 च्या सुमारास, पहाऱ्याला शिपाई. ढाल-तलवार रोज डोळ्यांसमोर असणार. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 59 वा अध्यायही त्याला पाठ असणार. तिथे हे उरस्त्राण आणि शिरस्त्राण परमेश्वर स्वतः घालतो. आपल्याला मिळतं ते त्याच्या अंगावरचं.

आपण बहुतेक वेळा इफिसकरांस 6 च्या 17 व्या वचनाला, तलवारीपाशी, वाचन थांबवतो. आज 20 व्या वचनापर्यंत वाचा. सर्व पवित्र जनांसाठी जागृत राहून विनंती करा, असं पौल सांगतो, आणि मग माझ्यासाठीही करा म्हणतो. या बेड्यांत असतानाही सुवार्ता धैर्याने सांगता यावी, एवढंच तो मागतो. सुटकेचं नावही काढत नाही.