जुन्या गाडीचे अस्सलपण

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या मोटारगाड्यांची आवड आता आपल्याकडेही चांगली रुजली आहे आणि हाती आलेली जुनी गाडी नव्यासारखी करून घेण्यासाठी हौशी माणसे मनापासून पैसा ओततात. पण ती नव्यासारखी होताना तिचे अस्सलपण कितपत टिकते, याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

हा प्रश्न १९९० मध्ये थेट लंडनच्या उच्च न्यायालयात गेला होता. बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’ जातीची एक शर्यतीची गाडी ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. पुढे तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवले गेले, १९३२ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलंड्सच्या मोटारशर्यतीच्या मार्गावरील अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मृत्यू पावला आणि त्यानंतर तिच्यावर बंद टपाची निराळीच बॉडी चढली. ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला, तेव्हा ती खरी ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकालपत्रात सुट्या भागांचा हिशेब मांडला आहे. १९२९ च्या गाडीतले खात्रीने दाखवता येईल असे काहीच उरले नव्हते. १९३० च्या गाडीतला पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच शिल्लक होते. तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. गाडी मूळ स्थितीत उरलेली नाही, हे न्यायमूर्तींनी मान्य केले, परंतु तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, ती कधी मोडीत निघाली नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वात नाही, म्हणून ती अस्सल आहे, असे त्यांनी ठरवले.

मला हा निकाल पटतो. गाडी वापरायची तर भाग बदलावेच लागतात. खरा घात होतो तो अजून शाबूत असलेली वस्तू केवळ चकाकीसाठी घालवताना. एक उदाहरण सांगतो. १९२५ च्या सुमाराच्या गाडीच्या रेडिएटरवर आणि दिव्यांच्या कडांवर निकेलचा मुलामा असे, कारण मोटारींवर क्रोम सर्रास दिसू लागले ते १९२० च्या दशकाच्या अखेरीला. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार असते, तर क्रोमची निळसर आणि थंड. आज अशा गाडीचे भाग क्रोमसाठी दिले की ते झळाळून येतात, आणि गाडी जन्मली तेव्हा तिच्या अंगावर कधीच नव्हता असा उजेड तिच्यावर खेळू लागतो. रंगाचेही तेच. जुना सेल्युलोज रंग खरवडून काढून त्यावर आजच्या रंगाचा आणि लॅकरचा आरशासारखा थर चढवला, की कारखान्यातून बाहेर पडतानाही नव्हती इतकी ती गुळगुळीत दिसते. खरवडलेला रंग मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. हेतू चांगलाच आहे. पण आयातीवर निर्बंध होते त्या काळात आपल्या मिस्त्रींनी परदेशी गाड्या कशा चालत्या ठेवल्या, हे आठवून पाहावे. सुटा भाग मिळत नसे, म्हणून तो लेथवर घडवला जाई, चोर बाजारातून दुसऱ्याच गाडीचा शोधून आणला जाई, कधी अख्खे इंजिनच बदलले जाई. त्या कारागिरीनेच गाडी भंगारात जाण्यापासून वाचली. ती कारागिरी पुसून टाकावी, असे मला वाटत नाही.

२०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या मोटारगाड्यांच्या प्रदर्शनात सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी ‘टाइप ५९’ या शर्यतीच्या गाडीला मिळाला, आणि नव्याने न सजवलेल्या, आहे तशीच जपलेल्या गाडीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. तिचा काळा रंग आणि पिवळा पट्टा हा शर्यतीच्या दिवसांतला नव्हे. बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे ती गेली तेव्हाचा आहे. तो कोणी पुसला नाही, हे विशेष.

तेव्हा गाडी गॅरेजमध्ये देण्यापूर्वी चारही बाजूंनी, बॉनेटखालून आणि गालिच्याखालून तिचे फोटो काढावेत. चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक उतरवून घ्यावेत. दाराच्या बिजागरीमागे किंवा डॅशबोर्डच्या आत मूळ रंगाचा तुकडा सापडला, तर मिस्त्रींना सांगून तेवढी जागा पॉलिश पेपरपासून वाचवावी. काढलेला भाग भंगारवाल्याला न देता चिठ्ठी लावून ठेवावा, आणि नव्या भागाच्या आतल्या अंगाला तो बसवल्याचे वर्ष कोरून घ्यावे. या सगळ्याची नोंद एका वहीत करून ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी, आणि गाडी विकली तर वहीही तिच्यासोबत द्यावी.

नमस्कार.