रिकामी खुर्ची : अमेरिकेतल्या पहिल्या पोटनिवडणुका

(दृश्य : वॉशिंग्टन, राष्ट्रीय अभिलेखागार. काचेखालचे चर्मपत्र. कॅमेरा ओळीवरून सावकाश सरकतो.)

शाई फिकट झाली आहे, पण ओळ वाचता येते. अमेरिकेची राज्यघटना, १७८७. अनुच्छेद पहिला, कलम दुसरे. प्रतिनिधिगृहातली, म्हणजे काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहातली, एखाद्या राज्याची जागा रिकामी झाली, तर त्या राज्याच्या कार्यकारी प्रमुखाने, म्हणजे गव्हर्नरने, ती भरण्यासाठी निवडणुकीचा हुकूम काढायचा. एवढे एकच वाक्य.

हुकूम किती दिवसांत काढायचा, ते लिहिलेले नाही. मतदान कसे घ्यायचे, मते कोणी मोजायची, निकाल कोणी कळवायचा, तेही नाही. आपल्याकडे पोटनिवडणुकीला साधारणपणे सहा महिन्यांची मुदत असते आणि ती घ्यायला निवडणूक आयोग असतो. त्या अमेरिकेत दोन्ही नव्हते. होते ते राज्यांच्या हाती : गव्हर्नर, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा, शेरीफ आणि घोड्यावरून जाणारे टपाल.

एक गोष्ट मात्र या वाक्याने कायमची पक्की केली. गव्हर्नरला निवडणूक बोलावता येते, माणूस नेमता येत नाही. प्रतिनिधिगृहात आजवर एकही सदस्य नेमणुकीने आलेला नाही.

याच चर्मपत्रावर थोडे खाली सिनेटसाठी, म्हणजे वरच्या सभागृहासाठी, वेगळी सोय आहे. सिनेटर तेव्हा राज्याचे विधिमंडळ निवडत असे, आणि विधिमंडळाची बैठक नसेल त्या काळात गव्हर्नरला तात्पुरता माणूस नेमता येई. ही मुभासुद्धा ताणू दिली गेली नाही. डेलावेअरचे जॉर्ज रीड यांनी सप्टेंबर १७९३ मध्ये सिनेट सोडली. पुढे जानेवारीत विधिमंडळ बसले आणि जागा न भरताच उठले. मग मार्च १७९४ मध्ये गव्हर्नरने केन्सी जॉन्स यांना नेमले. सिनेटने त्यांना आत घेतलेच नाही : विधिमंडळ एकदा बसले, तिथेच नेमणुकीचा अधिकार संपला. मुभा दिली की ती कशी वापरली जाते, हे इतक्या लवकर दिसले. प्रतिनिधिगृहासाठी ती ठेवली नाही, हे शहाणपणाचेच होते.

(दृश्य : वॉशिंग्टन, काँग्रेशनल दफनभूमी. वालुकाश्माची ठेंगणी चौकोनी स्मारके, एका ओळीत.)

ही एकसारखी स्मारके काँग्रेसच्या सदस्यांची आहेत, पदावर असताना गेलेल्यांची. आराखडा बेंजामिन लॅट्रोब यांचा. याच आवारात १८२८ मध्ये एका माणसाचे अवशेष न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चमधून हलवून आणले : व्हर्जिनियाचे थिओडोरिक ब्लँड. प्रतिनिधिगृहाचे पदावर असताना वारलेले ते पहिले सदस्य. तारीख १ जून १७९०. घटनेतले ते वाक्य इथे कामाला लागले.

(दृश्य : नकाशा. न्यूयॉर्क ते रिचमंड, टपालमार्गाची रेघ.)

देशाची राजधानी तेव्हा न्यूयॉर्कला होती. बातमी व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला, गव्हर्नर बेव्हर्ली रँडॉल्फ यांच्यापर्यंत पोचायला हवी. वाटेत हडसन, डेलावेअर, सस्क्वेहाना, पोटोमॅक. बहुतेक ठिकाणी पूल नाही, तराफ्यातून पलीकडे जायचे. पत्र पोचेपर्यंत घटनेच्या दृष्टीने काहीच सुरू होत नाही, कारण हुकूम काढणारा रिचमंडला बसलेला.

मग हुकूम निघतो. कोणाची जागा, कशामुळे रिकामी झाली आणि मतदान कधी, हे त्यात लिहिलेले असते. ब्लँड यांच्या मतदारसंघात अनेक काउंट्या होत्या, म्हणून तो प्रत्येक काउंटीच्या शेरीफच्या हाती पडायला हवा. एका शेरीफपर्यंत तो उशिरा पोचला, की तिथल्या लोकांना सूचना कमी दिवसांची मिळते आणि लांबच्या वाडीवरचे मतदार येत नाहीत. पोटनिवडणुकीची ही पहिली दुखरी जागा. नेहमीच्या निवडणुकीची तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते, हिची कोणालाच नसते.

(दृश्य : व्हर्जिनियातले जुने चर्च. दाराची कडी, आतली बाके.)

तारीख लोकांपर्यंत पोचवायची रीत वसाहतकाळापासूनची. १७०५ च्या कायद्याने शेरीफने हुकुमाची नक्कल प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीच्या, पाद्र्याकडे द्यायची, आणि पाद्र्याने मतदानाच्या दिवसापर्यंत दर रविवारी प्रार्थना संपताच ती मोठ्याने वाचायची. घरे मैलोन्‌मैल विखुरलेली, वर्तमानपत्र थोड्यांच्या हाती. आठवड्यातून एकदा सगळे जमत ते इथेच.

(दृश्य : हॅनोव्हर काउंटीचे कोर्टहाउस. विटांच्या कमानी, कमानीखाली सावली.)

हे कोर्टहाउस ब्लँड यांच्या मतदारसंघातले नाही, पण घडण तीच. काउंटीत मतदानाची जागा एकच : कोर्टहाउस. तीस मैलांवरून यायचे तर आदल्या दिवशीच निघायला हवे, घोडा हवा, रात्रीचा मुक्काम हवा. मताचा अधिकारही मोजक्यांना. व्हर्जिनियाच्या १७८५ च्या कायद्याप्रमाणे घर असलेली २५ एकर जमीन किंवा मोकळी ५० एकर, नाहीतर शहरात घरासहित एक प्लॉट. स्त्रिया नाहीत, गुलाम नाहीत. ज्यांच्या श्रमावर या जमिनी पिकत, त्यांचे नाव इथल्या मतनोंदवहीत कुठेच सापडत नाही.

(दृश्य : मतनोंदवहीचे पान, अगदी जवळून. उभ्या रेघा, टाकाच्या शाईचे ठिपके.)

पान जवळून बघू या. वर प्रत्येक उमेदवाराचे नाव, त्याखाली उभा रकाना. रकान्यात मतदारांची नावे, एकाखाली एक. मतचिठ्ठी नाही, पेटी नाही. शेरीफ मेजामागे बसे, शेजारी लेखनिक, बऱ्याचदा त्याच मेजाशी उमेदवार. मतदार पुढे येई. शेरीफ विचारी, मत कोणाला? तो सगळ्यांदेखत नाव घेई. लेखनिक त्या रकान्यात मतदाराचे नाव लिही, आणि ज्याला मत मिळाले तो उठून आभार मानी. सावकाराला, जमीनदाराला, चर्चच्या विश्वस्ताला लगेच कळे की कोण कुठे गेला. पण मोजणीत लबाडी करणे अवघड होते : रकान्यातली नावे मोजली की झाले, आणि खोटे नाव घुसवले तर तो माणूस गावातच असायचा.

पाऊस, पूर किंवा गर्दी यामुळे सगळ्यांची मते सूर्यास्तापर्यंत झाली नाहीत, तर शेरीफला मतदान दुसऱ्या दिवसावर नेता येई. मग वही बंद. पण निकाल लागायचा बाकी असतो, कारण बाकीच्या काउंट्यांच्या वह्या अजून त्यांच्या त्यांच्या कोर्टहाउसात. सगळ्या शेरीफांनी ठरलेल्या ठिकाणी जमायचे, वह्या शेजारीशेजारी ठेवून बेरजा ताडायच्या, जास्त मते कोणाला ते ठरवून प्रमाणपत्र लिहायचे. एक शेरीफ नदी चढल्यामुळे अडकला, तर बाकीचे थांबतात. प्रमाणपत्र गव्हर्नरकडे, आणि निवडून आलेला माणूस राजधानीच्या वाटेला.

ब्लँड यांच्या जागी विल्यम ब्रांच जाइल्स निवडून आले. ७ डिसेंबर १७९० रोजी ते सभागृहात बसले. मधले दिवस १८९. राजधानीसुद्धा तोवर न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला हलली होती.

त्या १८९ दिवसांत सभागृहाने राजधानी पोटोमॅकच्या काठी नेण्याचे विधेयक ३२ विरुद्ध २९ ने मंजूर केले, आणि राज्यांची युद्धकर्जे संघराज्याने अंगावर घेण्याचे ३४ विरुद्ध २८ ने. ब्लँड कर्जे घेण्याच्या बाजूचे होते. जाइल्स पुढे, ही कर्जयोजना मांडणारे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे कडवे विरोधक झाले.

(दृश्य : फिलाडेल्फिया, काँग्रेस हॉल. तळमजला, अर्धवर्तुळात मांडलेली मेजे, खिडकीतून तिरके ऊन.)

प्रतिनिधिगृह डिसेंबर १७९० पासून मे १८०० पर्यंत या तळमजल्यावर बसत असे. जागा कधी रिकामी झाली असे मानायचे, याचे पहिले मोठे वाद इथेच झाले. मृत्यूबद्दल शंका नसते. राजीनाम्याबद्दल होती.

मेरीलँडचे विल्यम पिंक्नी यांनी जागा सोडल्याचे आपल्या राज्याच्या गव्हर्नरला कळवले, तिथे पोटनिवडणूक झाली आणि जॉन फ्रान्सिस मर्सर निवडून आले. नोव्हेंबर १७९१ मध्ये या खोलीत प्रश्न उभा राहिला : सदस्याला राजीनामा देता येतो का, आणि तो गव्हर्नरने स्वीकारायचा की सभागृहाने? ब्रिटिश पार्लमेंटात सदस्याला राजीनामा देताच येत नाही, आणि समोर दुसरा दाखला नव्हता. सभागृहाने मर्सर यांची निवड मान्य केली. गव्हर्नरकडे राजीनामा, त्यावर हुकूम, त्यावर निवडणूक : ही वाट तेव्हापासून मोकळी झाली.

(दृश्य : त्याच खोलीत सभापतींचे आसन, खालून वर.)

पुढच्या वर्षीचा वाद याहून मोठा. जॉर्जियातून जनरल अँथनी वेन निवडून आले होते. हरलेले जेम्स जॅक्सन तक्रार घेऊन आले आणि आपली बाजू त्यांनी स्वतः मांडली. कॅम्डेन काउंटीतला खरा निकाल दडवून तिथे खोटा पाठवला गेला होता. त्या प्रकरणात न्यायाधीश हेन्री ऑस्बर्न यांच्यावर जॉर्जियात महाभियोग चालला. मार्च १७९२ मध्ये सभागृहाने वेन यांची निवड रद्द केली.

पुढचा प्रश्न, मग जॅक्सन यांनाच बसवायचे का? मते पडली २९ विरुद्ध २९. सभापती जोनाथन ट्रंबुल यांनी निर्णायक मत विरुद्ध दिले. या आसनावरून दिलेले ते एक मत या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे आहे. मते चोरीला गेली हे खरे असले, तरी खरा विजयी कोण हे सभागृहाने परस्पर ठरवायचे नाही. जागा रिकामी धरायची आणि मतदारांना पुन्हा विचारायचे.

हुकूम काढायचा तो जॉर्जियाच्या तेव्हाच्या राजधानीतून, ऑगस्टा शहरातून, गव्हर्नर एडवर्ड टेल्फेअर यांनी. जुलैत मतदान झाले. निवडून आले जॉन मिलेज, वेनही नाहीत आणि जॅक्सनही नाहीत. ते २२ नोव्हेंबरला आसनावर बसले. आठ महिने गेले, पण त्यातले जवळजवळ सहा महिने सभागृहाचे अधिवेशनच नव्हते.

(दृश्य : न्यूयॉर्क राज्य, कूपर्सटाउन. तळ्यावरचे धुके, मग हाताने लिहिलेल्या मतचिठ्ठ्या.)

न्यूयॉर्कमध्ये तोंडी मत नव्हते, चिठ्ठी होती. चिठ्ठीचे दुखणे निराळे. विल्यम डाउस निवडून आले आणि मुदत सुरू होण्याआधीच, फेब्रुवारी १८१३ मध्ये, वारले. पोटनिवडणूक झाली. एका बाजूला जॉन बॉवर्स, दुसऱ्या बाजूला आयझॅक विल्यम्स ज्युनियर.

या शेवटच्या शब्दाकडे बघा. निकालाचे कागद लिहिताना काही मतांपुढचा ‘ज्युनियर’ गळला. ‘आयझॅक विल्यम्स’ हा कागदावर वेगळा माणूस ठरला, आणि ती मते बाजूला पडली. राज्य पातळीवर बेरीज करणाऱ्यांच्या पुढे चिठ्ठ्या नसतात, फक्त खालून आलेला कागद असतो. बॉवर्स यांना प्रमाणपत्र मिळाले, ते काँग्रेसमध्ये जाऊन बसलेही. विल्यम्स यांनी दाद मागितली. सभागृहाने मतदाराचा हेतू पाहिला आणि डिसेंबर १८१३ मध्ये बॉवर्स यांची निवड रद्द झाली. जागा विल्यम्स यांना मिळाली.

(दृश्य : पेनसिल्व्हेनिया, राइट्सव्हिल. सस्क्वेहानाचे रुंद पात्र, जुन्या पुलाचे दगडी खांब. हिवाळा.)

आता सर्वांत वेगाने झालेल्यांपैकी एक. हे खांब नंतरच्या काळातले. १८०० साली इथे पूल नव्हता. थॉमस हार्टली यॉर्कला आपल्या गावीच वारले, २१ डिसेंबर १८०० रोजी. पेनसिल्व्हेनियाची राजधानी तेव्हा लँकेस्टर, नदीच्या पलीकडच्या तीरावर, यॉर्कपासून दिवसभराच्या वाटेवर. गव्हर्नर थॉमस मकीन तिथेच. न्यूयॉर्कहून रिचमंडला पत्र जायला लागणारे दिवस इथे लागलेच नाहीत : बातमी एका नदीपलीकडे पोचवायची होती. १५ जानेवारीला जॉन स्टुअर्ट निवडून आले. २५ दिवस. ३ फेब्रुवारीला ते वॉशिंग्टनमध्ये सभागृहात होते.

(दृश्य : वॉशिंग्टन, कॅपिटॉलचे जुने रेखाचित्र. फक्त उत्तरेकडची बाजू उभी.)

घाई उगाच नव्हती. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत थॉमस जेफरसन आणि एरन बर यांना सारखीच मते पडली होती, म्हणून ११ फेब्रुवारी १८०१ पासून हेच सभागृह त्या दोघांतून राष्ट्राध्यक्ष निवडणार होते. एका राज्याला एक मत, राज्ये १६, जिंकायला ९ हवीत. मेरीलँडचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणले असताना बर्फातून त्यांना खाटेवर घालून इथे आणले, कारण ते नसते तर त्यांच्या राज्याचे मत बर यांना गेले असते. फेरी ३६ वी, १७ फेब्रुवारी, जेफरसन निवडून आले. पेनसिल्व्हेनियाचे मत पहिल्या फेरीपासून त्यांच्याकडे.

जॉर्जियाचेही. पण जॉर्जियाच्या दोन सदस्यांपैकी जेम्स जोन्स ११ जानेवारीला वारले होते. जॉर्जियाला बातमी जायची, हुकूम निघायचा, मतदान, मग माणसाचा परतीचा प्रवास. आणि काँग्रेसची मुदत ३ मार्चला संपत होती. हिशेब जमणार नव्हता. सगळ्या राज्याचे मत बेंजामिन टॅलिअफेरो यांनी एकट्याने दिले. जोन्स यांची जागा मुदत संपेपर्यंत रिकामीच राहिली.